युद्धकथांच्या जुन्या कॉमिक्सना वाचनालयात जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पुस्तके खाली उतरतात आणि त्यांतील युद्धकथांची जुनी इंग्रजी कॉमिक्स किलोच्या भावाने रद्दीत जातात. नाशिक रोडचे आर्टिलरी सेंटर आणि देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी यांमुळे आपल्याकडे सैनिकी कुटुंबांचा राबता मोठा आहे आणि अशी कॉमिक्स येथील अनेक घरांत अजून निघतात. ती पुरती विखुरण्याआधी १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाने त्यांचा स्वतंत्र संग्रह सुरू करावा, अशी माझी विनंती आहे.

लंडनहून १९५८ मध्ये ‘वॉर पिक्चर लायब्ररी’ निघू लागली आणि १९६१ मध्ये स्कॉटलंडमधील डंडीच्या डी. सी. थॉमसन कंपनीने ‘कमांडो’ सुरू केले, जे आजही निघते. रंगीत मुखपृष्ठ, आत साठ-पासष्ट पानांची कृष्णधवल चित्रे आणि एका अंकात एक पूर्ण कथा, असा हा खिशात मावणारा ऐवज होता. चित्रकारांची नावे त्या काळी सहसा छापली जात नसत. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या ह्यूगो प्राट या इटालियन चित्रकारानेही अशा अंकांसाठी चित्रे काढली होती, हे अंक हातात घेणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती.

जुन्या अंकांच्या ऑनलाइन विक्रीत सध्या ‘दुर्मिळ’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. ‘कमांडो’च्या जुन्या कथा नव्या क्रमांकाने पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या असल्याने केवळ कथेचे नाव पाहून पैसे मोजणे धोक्याचे असते. मुखपृष्ठावरचा क्रमांक आणि किंमत आधी पाहावी. ब्रिटनने फेब्रुवारी १९७१ मध्ये दशमान चलन स्वीकारले, म्हणून केवळ शिलिंगमध्ये किंमत असलेला अंक साधारणपणे त्याआधीचा समजावा.

ही कॉमिक्स युद्धाचे उदात्तीकरण करतात, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खोटा नाही. जर्मन आणि जपानी सैनिकांचे त्यांतील चित्रण पुष्कळदा एकांगी, कधी कधी सरळ अपमानास्पद आहे. मला त्याहून खटकते ते भारतीय सैनिकाचे दुय्यम स्थान. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. शेजारच्या नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील सेनिओ नदीकाठी, जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून पलीकडे नेऊन शत्रूच्या मशीनगन एकट्याने निकामी केल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझ्या पाहण्यातल्या अंकांत मात्र असा मराठी शिपाई नायक म्हणून आढळला नाही. संग्रह अभ्यासासाठी खुला असेल तरच असे प्रश्न तरुण वाचकांपुढे ठेवता येतील; कोणाच्या खाजगी कपाटात ते शक्य नाही.

जतनाचा खर्चही फार नाही. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, हलका आणि आम्लयुक्त असतो. ऊन लागले की पिवळा पडतो आणि हाताळताना कडेने तुटतो. नाशिकच्या पावसाळ्यात पिना गंजतात, त्यांचा तपकिरी डाग मधल्या पानांत उतरतो आणि दमट कपाटात कसर लागते ती वेगळीच. तरीही लोक प्रेमापोटी फाटक्या पानांना चिकटपट्टी लावतात किंवा मुखपृष्ठ लॅमिनेट करतात, आणि दोन्ही गोष्टींनी होणारे नुकसान सहसा भरून निघत नाही. आम्लविरहित कागदी पाकिटे, उन्हापासून दूर असलेले कोरडे कपाट आणि क्रमांकवार नोंदवही एवढ्यावर सुरुवात करता येईल.

अंक स्वीकारताना भाड्याने पुस्तके देणाऱ्या जुन्या वाचनालयांचे शिक्के असलेल्या प्रती मात्र नाकारू नयेत. संग्राहक त्यांना कमी किंमत देतात. परंतु येथील मुले हे अंक कोठून आणत होती, हे त्या शिक्क्यांवरूनच कळेल.

आपला,
एक वाचक, नाशिक रोड