प्रमाणपत्र भिंतीवर, फार्मासिस्ट कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या इंदुरात मेडिकलवर गेलेला माणूस आधी विचारतो, ‘किती टक्के कमी कराल?’ ‘इथले फार्मासिस्ट कोण?’ असं विचारताना मी कोणाला ऐकलेलं नाही. ते विचारायला हवं, म्हणून हे पत्र.

रामबागेत आमच्या शेजारच्या आजींना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. संधिवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ते स्पष्ट लिहिलेलं होतं. तरी मेडिकलमधल्या मुलाने पाकिटावर ‘रोज रात्री एक’ असं लिहून दिलं. सुनेला शंका आली, तिने डॉक्टरांना फोन केला, म्हणून निभावलं. मला त्या पोराचा राग नाही. त्याला हे कोणी शिकवलेलंच नाही. राग आहे तो दुकानात फार्मासिस्टचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असताना ते गृहस्थ तिथे कधीच दिसत नाहीत याचा. नुसतं प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे गप्प आहेत.

१९४८च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की, चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिलं पाहिजे. २०१५च्या नियमांप्रमाणे त्याच्या अंगावर पांढरा कोट आणि नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला हवा. दुकानाचा परवानाही लोकांना दिसेल अशा जागी लावावा लागतो. म्हणजे बिल्ल्यावरचं आणि भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळतं का, हे काउंटरपाशी उभ्या उभ्या कोणालाही पाहता येतं. बिल्लाच नसेल तर सरळ नाव विचारावं. त्यात कोणाचा अपमान नाही. शिकलेला फार्मासिस्ट उलट आनंदाने सांगेल, वर ‘आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ असंही विचारेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला दुखीची कुठलीही गोळी देऊन चालत नाही, हे त्यालाच कळतं.

फार्मासिस्टांची नोंद राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे, भोपाळला असते. नाव आणि क्रमांक घालताच नोंदणी चालू आहे की मुदत संपली, हे सामान्य माणसाला मोबाइलवर हिंदीत सहज दिसलं पाहिजे. औषध निरीक्षकांनाही विनंती आहे: तपासणीला संध्याकाळी सात ते नऊ या वेळात यावं. दवाखाने सुटतात, मेडिकलवर गर्दी होते आणि चिठ्ठ्या सर्वांत जास्त तेव्हाच येतात. त्या वेळी काउंटरमागे कोण उभं आहे, तेवढं पाहावं.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर