नॉर्स नावांचा आधी विग्रह करा, मग अर्थ लावा

महोदय,

आपल्या पुरवणीत मुलग्यांसाठी नॉर्स, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, आइसलँडकडच्या जुन्या भाषेतल्या, नावांची यादी आली आहे. ही नावे मराठी वाचकांपर्यंत पोहोचावीत असे मनापासून वाटते, म्हणूनच हे पत्र. 'सिगुर्ड : विजयासाठी लढणारा रक्षक वीर' अशी अख्खी वाक्ये अर्थ म्हणून छापली आहेत. गफलत तिथेच आहे.

जुनी नॉर्स नावे बहुतेक सामासिक आहेत. सिगुर्डमध्ये 'सिग' म्हणजे विजय आणि 'वर्ड' म्हणजे रक्षक. हाराल्डमध्ये सैन्य आणि सत्ताधारी, थोरस्टाइनमध्ये थोर हा देव आणि दगड. देवदत्त, यशोधन यांची घडणही अशीच. मात्र देवदत्ताचा विग्रह सरळ अर्थ देतो, तसे इथे नेहमी होत नाही. घराण्यातल्या नावांचे तुकडे फिरवून नवे नाव जोडायची रीत होती, त्यामुळे दोन तुकड्यांचा मेळ बसलाच पाहिजे असे नव्हते. गुनहिल्ड हे मुलीचे नाव पाहा : 'गुन' म्हणजे युद्ध आणि 'हिल्ड' म्हणजेही युद्ध! म्हणून यादीत तुकड्यांचे अर्थ द्यावेत, वाक्य रचू नये.

विग्रह करताना आधी शेवटचा 'र' तपासावा. मूळ 'उल्फ्र' म्हणजे लांडगा. त्यातला 'र' प्रथमेचा प्रत्यय आहे, संस्कृत 'वृकः'मधल्या विसर्गाचा सख्खा भाऊ. उल्फ आणि वृक हे शब्दही एकाच मुळाचे. भीमाला वृकोदर म्हणतात तोच हा वृक. नॉर्वे-स्वीडनमध्ये हा 'र' गळाला आणि आइसलँडमध्ये त्याचा 'उर' झाला. म्हणून ओलाफ्र हे एकच नाव नॉर्वेत ओलाव्ह आणि आइसलँडमध्ये ओलाफुर असे दिसते. यादीत ती दोन वेगळी नावे म्हणून आली आहेत. पण दिसला 'र' की काढला, असेही करू नये. राग्नार, गुनार यांतला 'र' दुसऱ्या पदाचाच आहे. तो काढला तर नाव मोडते.

मुलगा की मुलगी हे दुसरे पद सांगते. उल्फ, ब्योर्न (अस्वल), स्टाइन, गेइर (भाला), वाल्ड हे शेवट मुलग्यांचे; हिल्ड, रून, दीस, गेर्ड मुलींचे. एकपदी नावांत आपला कान फसतो. हेल्गी, स्नोरी, ब्रागी ही ईकारान्त नावे पुरुषांची आहेत आणि हेल्गा बाईचे. मुलग्यांच्या यादीत घातलेली स्काडी मात्र देवी आहे. स्टुर्ला हेही पुरुषाचेच नाव. 'एडा' हा नॉर्स देवकथांचा ग्रंथ लिहिणारा स्नोरी स्टुर्लुसोन (1179–1241) हा या स्टुर्लाचा मुलगा. स्टुर्लाचे 'स्टुर्लु' झाले ते आपल्या सामान्यरूपासारखे, घोडा-घोड्याचा तसे. स्टुर्लुसोन हे आडनाव नव्हे, 'स्टुर्लाचा मुलगा' एवढाच त्याचा अर्थ. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांची नावे अशीच चालतात.

'थोर म्हणजे महान' हा अर्थ तर थेट मराठीतून आलेला दिसतो! नॉर्स थोर म्हणजे मेघगर्जना. आणि यादीतल्या माग्नुसचा अर्थ 'महान' हा बरोबर असला, तरी शब्द लॅटिन आहे. 1024च्या सुमारास नॉर्वेच्या ओलाफ राजाला रात्री मुलगा झाला. बाळ अशक्त होते, राजा झोपलेला आणि त्याला उठवायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा दरबारी कवी सिग्वात याने शार्लमेन सम्राटाच्या, म्हणजे 'कार्ला-माग्नुस'च्या बिरुदावरून बाळाचे नाव परस्पर ठेवले, असे जुन्या राजकथांत आहे. पुढे ते नाव उत्तरेकडच्या राजघराण्यांत रुजले. ही हकिकत नुसत्या 'महान'पेक्षा पालकांना अधिक आवडेल.

पुढच्या यादीत प्रत्येक नावापुढे मूळ रूप, दोन्ही पदांचे अर्थ आणि आजचा उच्चार असे तीन रकाने द्यावेत, ही विनंती. उच्चार नॉर्वे किंवा आइसलँडमधल्या बोलण्यावरून घ्यावा, इंग्रजी स्पेलिंगवरून नको. लेइफ म्हणजे वारस. त्याचे 'लीफ' छापले की वाचणारा झाडाचे पान समजतो.

— एक वाचक, पुणे