शिराजची बाग लावली, पण विचारायचं कोणाला?

संपादक साहेब, नमस्कार.

वाईन टुरिझमच्या बातम्या पेपरात भरपूर येतात, पण ती द्राक्षं पिकवणाऱ्यांचं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. दिंडोरी तालुक्यात आमची थॉमसन आहे, म्हणजे खायची द्राक्षं, आणि दोन एकर शिराज, म्हणजे वाईनचा वाण. थॉमसनवर डाउनी, भुरी असा कुठला रोग आला तर विचारायला दहा जण आहेत, बागायतदार संघ आहे, पुण्याजवळ मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून आहे. शिराजचं काही अडलं की फक्त कंपनीचा फील्ड ऑफिसर, आणि तो शेवटी कंपनीचाच माणूस.

मागच्या मार्चचंच सांगतो. तोडणी आठ दिवस पुढे ढकलली, त्यात एकदम ऊन तापलं, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, 22 वरून 25 ला गेला, मणी सुरकुतले, वजन गेलं, आणि वायनरी म्हणते अ‍ॅसिड कमी, पीएच जास्त (आंबटपणा घटला की हा आकडा चढतो), रेट कापणार. आता माझ्याकडे नुसतं ब्रिक्स मीटर, पीएच त्यांच्या लॅबमध्ये मोजणार, मी भांडू कशाच्या जोरावर?

फ्रान्समध्ये थंडीत वेल झोपतो, आपल्याकडे झोपतच नाही, म्हणून तर आपण एप्रिलला काड्या तयार करायला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी करतो आणि माल नेमका तापत्या दिवसांत पिकतो. तिकडची पुस्तकं इथं कशी चालतील? डॉगरिज खुंट, म्हणजे ज्या मुळावर वाणाचं कलम करतो तो, आपण खारं पाणी आणि दुष्काळासाठी घेतला, तो वेलाला जोम देतो, पण वाईनच्या घडावर पानांची एवढी सावली नको असते. मग 110 आर खुंट लावू का दुसरा कुठला? मांजरीत वाईनच्या वाणांवर काम झालंय, नाही म्हणत नाही, पण मांजरी इथून दोनशे किलोमीटर, माती वेगळी हवा वेगळी.

2001 च्या धोरणातून विंचूरला वाईन पार्क झालं, पुढे वायनरीला 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत देण्याची योजना आली, चांगलंच आहे, उद्योग टिकला तर आम्ही टिकू. पण 2009 च्या मंदीत माल उचलला गेला नाही तेव्हा आम्ही कॅबरने या वाईनच्या वाणाच्या बागेवर स्वतः कुऱ्हाड चालवली, वडील त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हा आम्हाला काहीच परत मिळालं नाही.

त्या परताव्यातला थोडा पैसा बाजूला काढून निफाड-दिंडोरीत खुंटांचा ट्रायल प्लॉट करा आणि विंचूरला एक सरकारी लॅब द्या, जिथे सकाळी घड नेले की संध्याकाळी पीएच आणि अ‍ॅसिडचा कागद हातात मिळेल. येत्या जानेवारीत तोडणी सुरू होईल, निदान लॅब तरी त्याआधी व्हावी.

— एक द्राक्ष बागायतदार, ता. दिंडोरी, जि. नाशिक