मेडिकलवाल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

जुलैतला तो बुधवार. बाहेर धो धो पाऊस, रात्रीचे पावणेनऊ, तुमचं शटर अर्ध्यावर आलेलं. मी भिजलेली चिठ्ठी पुढे केली आणि तुम्ही शटर पुन्हा वर सरकवलंत. घरी सहा वर्षांची लेक तापानं फणफणली होती, फ्लूची तपासणी पॉझिटिव्ह आली होती.

औषधं पिशवीत घालून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही विचारलंत, "ताप कधीपासून?" काल संध्याकाळपासून, मी म्हटलं, फ्लूचं औषध ऑसेल्टामिविर उद्या नाश्त्यानंतर सुरू करते. "उद्या कशाला? पहिल्या ४८ तासांत जितकं लवकर जाईल तितका उपयोग जास्त. घरी गेल्यावर चार घास भरवा आणि नऊला द्या. मग सकाळी नऊ, रात्री नऊ." कागदी पाकिटावर तुम्ही दहा चौकोन काढलेत. दिवस मोजू नका, डोस मोजा, म्हणालात. मी दिवस मोजले असते तर बुधवार ते रविवार पाच झाले म्हणून थांबले असते आणि सोमवार सकाळचा दहावा डोस राहून गेला असता.

वजन विचारलंत. १८ किलो. चिठ्ठीवरच्या ४५ मिलिग्रॅमचे त्या बाटलीतले पावणेचार मिली होतात, ते चमच्यानं कसे मोजणार? तुम्ही बिनसुईची सिरिंज दिलीत आणि तिच्यावर पेनानं रेघ मारून दिलीत.

आणि ते तापाचं औषध! आमच्या घरात ५ मिलीत १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलवालं सिरप असायचं, सासूबाई आणि मी त्याचं १० मिली द्यायचो. नवीन बाटली ५ मिलीत २५०ची होती. डॉक्टरांनी ५ मिली लिहिलं होतं, पण हाताला सवय १०ची. तसं दिलं असतं तर एका वेळी ५०० मिलिग्रॅम, म्हणजे तिला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यात घरातल्या सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल होतं. मोबाइलवरचा त्या बाटलीचा फोटो मोठा करून तुम्ही मला वाचून दाखवलंत. ती बाटली मी त्याच रात्री काढून टाकली.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते तुमचं एक वाक्य: "एक औषध घड्याळाचं, दुसरं गरजेचं." ऑसेल्टामिविरची वेळ चुकवायची नाही. तापाचं मात्र ताप असेल तरच, दोन डोसांत सहा तास ठेवून, आणि पोर शांत झोपलं असेल तर त्यासाठी उठवायचं नाही. मी आजवर दोन्ही प्रकारची औषधं एकाच तऱ्हेनं देत आले होते.

रात्री तीनला ताप १०२.५ झाला. आधीचं सिरप कधी दिलं, मला काही केल्या आठवेना. पाकिटावर लिहिलं होतं, ९.४०. म्हणजे अजून चाळीस मिनिटं. तेवढा वेळ तिला मांडीवर घेऊन घोट घोट पाणी पाजत बसले. एरवी घाबरून तेव्हाच बाटली उघडली असती. गुरुवारी सकाळचा डोस दहा मिनिटांत उलटला, तेव्हाही तुमचंच ऐकलं: मनानं पुन्हा दिलं नाही, आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पुन्हा द्यायला सांगितलं. मोरावळ्याच्या पाकात मिसळून दिलं, ते टिकलं.

पाकीट फ्रिजवर चिकटवलं होतं. सासूबाई, मी आणि हे, तिघंही त्यावरच खूण करायचो, त्यामुळे कोणी दिलं, कधी दिलं हा गोंधळ पाचही दिवसांत एकदाही झाला नाही.

काका, त्या रात्री तुम्हाला घरी जायला वीस मिनिटं उशीर झाला. मी नीट आभारही मानले नाहीत, पिशवी घेतली आणि पळाले. आज मनापासून मानते. लेक आता शाळेत जाते आहे. दहाव्या चौकोनातली खूण तिनं स्वतः केली आहे, वाकडीतिकडी, लाल खडूनं. रविवारी ते पाकीट घेऊन तिला दुकानात आणते.

तुमची कृतज्ञ,
त्या रात्रीची आई