सूचना : पाहुण्यांना ग्रीनव्हिल दाखवताना

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यात भारतातून बऱ्याच जणांचे आई-बाबा येतील. खिशाला कात्री न लावता साउथ कॅरोलायनातलं आपलं ग्रीनव्हिल त्यांना मनसोक्त दाखवता येतं. फॉल्स पार्क पूर्ण मोफत आहे. रीडी नदीच्या धबधब्यासमोरचा २००४ सालचा लिबर्टी ब्रिज पायी जाणाऱ्यांसाठीच आहे. वळणदार आणि एकाच बाजूच्या केबल्सवर तोललेला. तो आवर्जून चालून बघा. ज्येष्ठांना सकाळीच न्या, दुपारचं ऊन सोसवत नाही. खडक निसरडे असतात, मुलांना सांभाळा.

मेन स्ट्रीटवर कांस्याचे ९ छोटे उंदीर लपलेत, एका शाळकरी मुलाच्या कल्पनेतून आलेले. नातवंडांबरोबर आजी-आजोबाही शोधण्यात रमतात. काउंटीच्या कलासंग्रहालयालाही तिकीट नाही. निघण्यापूर्वी वेळ तेवढी तपासा.