हिशेब मुलींनी सुरू केलेला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘मुली शिकल्या, स्त्रीवादी झाल्या, आता त्यांना प्रेम नको, पॅकेज हवं,’ हे वाक्य लग्नसराईत आमच्या भागात मांडवामांडवात ऐकू येतं. शेतकरी मुलांची लग्नं जुळत नाहीत, हे खरं आहे. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराच्या घरातही नकार येतात आणि त्या मुलांची घालमेल मी जवळून पाहते. पण त्याचं खापर स्त्रीवादावर फोडणं मला मुळीच पटत नाही.

हुंडाबंदीचा कायदा 1961चा. तरीही सोनं किती, गाडी कोणती, हे ठरल्याशिवाय अनेक ठिकाणी सुपारी फुटत नाही. तेव्हा प्रेमाची आठवण कोणाला होत नाही! मुलगी एवढंच विचारते, की तुमच्या शेतात जन्मभर राबले तर त्यातलं माझं काय? निंदणीला बाई, कापूस वेचायला बाई, सातबाऱ्यावर मात्र सासरे, नवरा, दीर. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीनं तिला भावाइतकाच हक्क दिला, पण ‘माहेर तुटेल’ या धाकानं हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. जिला दुसरीकडे जायला जागाच नाही, ती नवऱ्याजवळ प्रेमानं राहते की नाइलाजानं, हे त्याला तरी कसं कळणार? बरोबरीची मागणी प्रेमाच्या मुळावर येत नाही. प्रेम खरं आहे की नाही, हे बरोबरीतच कळतं.

हा विचार शहरातून आलेला नाही. शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन 1986 साली शेजारच्या नाशिक जिल्ह्यात चांदवडला झालं. पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी स्वखुशीनं जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे केला. कोर्ट नाही, भांडण नाही. त्या पुरुषांचे संसार मोडले नाहीत.

जळगाव-धुळ्यात समाजमंडळांचे वधू-वर मेळावे भरतात. तिथल्या अर्जात उंची, रंग, एकर, पगार सगळं असतं. त्यात ‘जमिनीवर वा घरावर पत्नीचं नाव लावणार का?’ हा रकाना घालावा. ‘स्वयंपाक येतो का?’ हे मुलालाही विचारावं. आणि दोघांना दहा मिनिटं नव्हे, चार-पाच वेळा निवांत भेटू द्यावं. मंडळांनी येत्या मेळाव्यापासूनच हे सुरू करावं, अशी कळकळीची विनंती.

– एक वाचक, यावल (जि. जळगाव)