रोपं पुरेत, आता सुकी पानं द्या

सप्रेम नमस्कार.

शाळेमागची खताची पिंपं सभासदांना माहीत आहेतच. ती उभी राहिली ती मोजक्या हातांवर, आणि त्या हातांची आठवण आधी काढायला हवी. पहिली दोन २०० लिटरची पिंपं देणाऱ्या आपल्या ज्येष्ठ सभासदांनी ती नुसती आणून टाकली नाहीत. चहूबाजूंनी वीतभर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं स्वतः पाडली, तळालाही पाडली, आणि पाणी निथळावं म्हणून पिंपं विटांवर चढवली. तळाशी काटक्यांचा थर, त्यावर फावडंभर जुनं खत विरजणासारखं, हेही त्यांनीच मुलांना शिकवलं. ताणकाटा देणाऱ्या ताईंचे उपकार तर वेगळेच. वर्गाचा आठवड्याचा कचरा ओला, सुका, कागद असा वेगळा करून मुलं वजन करू लागली, तेव्हा कुठे ‘कचरा कमी करा’ या घोषणेला अर्थ आला. गच्चीचं माप घेऊन पावसाचा हिशेबही याच मुलांनी मांडला: १०० चौरस मीटर छत, १० मिलिमीटर पाऊस, म्हणजे १००० लिटर, उडणारं, मुरणारं वजा जाता ८०० धरावं. पहिल्या पावसाचं पाणी छताची धूळ आणि विष्ठा घेऊन येतं, ते वेगळं सोडायचं, हे आता सहावीतली मुलंही सांगतात.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला मात्र रोपं आली. फोटोसकट, ढिगानं. पिशवीत मुळं गोल गुंडाळलेली. ती मोकळी न करता तशीच लावली की झाड वाढत नाही. त्यात सुट्टीत पाणी घालायला कोणी नाही. किती जगली, हे कुणी विचारलंही नाही. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून लिहिलं.

पिंपांचंही सुट्टीतच बिघडतं. एक टोपली ओल्याला दोन टोपल्या सुकं, हे साधं प्रमाण. पण सुकी पानं संपतात आणि ओलं मात्र येतच राहतं. मग थर दबतो, हवा खेळत नाही आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. शेजारून बोलणी बसतात, ती रास्तच. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर सुकं कमी पडलंय. मुंग्या लागल्या तर माल कोरडा पडलाय. अळ्या दिसल्या तर ओल्यावर सुक्याचं पांघरूण घालायचं राहिलंय. मूठभर घेऊन घट्ट पिळायचं: एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त. आठवड्याला एकदा तळापर्यंत हलवायचं. एवढं जमलं तर साधारण तीन महिन्यांत मातीच्या वासाचं खत तयार होतं. मुलांना हे सगळं तोंडपाठ आहे. सामान आणि सोबतीला मोठं माणूस, एवढंच नाही.

हवं ते असं: सुक्या पानांची १२ पोती (गुळगुळीत छापील कागद, प्लॅस्टिक नको, पानं जाळू नका, आम्हाला द्या), झाकणाची ४ पिंपं (आधी रंग, तेल किंवा औषध न भरलेली), एक दाताळं, ६ ते ८ मिलिमीटर जाळीची चाळणी, मुलांच्या मापाचे हातमोजे. आणि सुट्टीतल्या प्रत्येक शनिवारी दोन माणसं, दोन तास. हे शेवटचं सर्वांत निकडीचं, कारण आजवर यादीत दोनच नावं आहेत आणि ती दोन्ही कार्यकारिणीतली.

सामान शनिवारी सकाळी ८ ते १०, शाळेच्या मागच्या फाटकाशी. पोत्यांची तोंडं बांधून आणा, ओली पानं आधी वाळवा. रोख देणगी खजिनदारांकडे, पावती घेऊनच. नावं सुट्टी लागायच्या आत वहीत लिहा, तोंडी सांगितलेलं धरणार नाही. दुसऱ्या पिंपाचं झाकण कोणी नेलं असेल तर तेही परत आणावं. काही विचारणार नाही.

आपली,
कार्यवाह